वृद्धाश्रमाच्या नियमावलीतलं एक कलम: साथ आली की भेटी बंद

सुरंगी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी आई दापोलीकडच्या एका वृद्धाश्रमात होती. मी चिपळूणला. घरी सासूबाई पॅरालिसिसने अंथरुणाला खिळलेल्या, माझी नोकरी, म्हणून आईनेच हट्टाने तो निर्णय घेतला. आश्रम वाईट नव्हता, हे आधीच सांगते. जांभ्याची बैठी इमारत, पुढे लांब पडवी, मागे फणस, बावीस माणसं. मी एक रविवार सोडून जायचे. तिची नखं कापायचे, डोक्याला तेल घालायचे, आणि ती मला वाडीतल्या बातम्या विचारायची, ज्या तिला माझ्या आधीच कळलेल्या असायच्या.

मार्च २०२० मध्ये शिमग्याच्या पालख्या फिरल्या आणि पाठोपाठ आश्रमाचं गेट बंद झालं. तेव्हा कुणाचीच तक्रार नव्हती, माझीही नव्हती. मग व्हिडिओ कॉल. आश्रमातल्या मदतनीस मावशी फोन धरायच्या, पण आईला ऐकू कमी यायचं, म्हणून ती फोन कानाला लावायची आणि मला अर्धा तास तिचा कान दिसायचा. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. वीज गेली, टॉवर गेले. तीन आठवडे तिचा कानही दिसला नाही.

सप्टेंबरमध्ये आश्रमात लागण झाली. आईला ताप नव्हता. खोकला नव्हता. दोन दिवस चहा नको म्हणाली, पेज तशीच ठेवली, आणि मावशींना विचारत राहिली, "म्हैस बांधली का गं?" आमची म्हैस १९९० च्या आधीच विकलेली. तापाची बंदूक कपाळाला लावली की ९७ दाखवायची, म्हणून सगळे निश्चिंत. चौथ्या दिवशी कुणीतरी बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ऑक्सिजन ८२, म्हणजे फारच कमी.

कोविड सेंटरमधून ती सोळा दिवसांनी परत आली. जगली. पण जाण्याआधी काठी टेकत तुळशीपर्यंत जाणारी बाई त्यानंतर उठून उभी राहिली नाही. भेटी बंदच होत्या. जानेवारी २०२१ मध्ये ती गेली. दाखल्यावर कोविड नाही. मी शेवटचं पाहिलं तेव्हा तिची नखं वाढून आत वळली होती.

आता त्याच आश्रमाने कुटुंबीयांच्या वतीने मला समितीवर घेतलंय. नव्या नियमावलीच्या मसुद्यात एक कलम आहे: "संसर्गजन्य साथीच्या काळात नातेवाइकांच्या भेटी पूर्णपणे बंद राहतील." पुढच्या महिन्यात सह्या आहेत. माझा हात उचलत नाही. पण हे माझं दुःख बोलतंय की त्यात काही तथ्य आहे, ते मला एकटीला ठरवता येत नाही. ज्यांनी हे आतून पाहिलंय त्यांनी लिहा, विरोधात असलात तरी.

---

खाजणवाट

सुरंगीताई, आधी तुमच्या आईंना नमस्कार.

मी विरोधात लिहितोय, कारण मी गेटच्या आतल्या बाजूला होतो. सिंधुदुर्गातल्या एका छोट्या आश्रमाचा मी तेव्हा सचिव. एकतीस वृद्ध, त्यातले अकरा अंथरुणावर. जवळचं आयसीयू दीड तासावर. २३ मार्च २०२० ला स्पेनच्या संरक्षणमंत्र्यांनी सांगितलं की निर्जंतुकीकरणाला गेलेल्या सैनिकांना वृद्धाश्रमांत टाकून दिलेली माणसं सापडली, काही ठिकाणी खाटांवर मृतदेह. ती बातमी वाचून मी रात्रभर झोपलो नाही. आमच्या मावशी घाबरून यायच्या बंद झाल्या तर? एकतीस जणांचं अंग कोण पुसणार?

आम्ही बंद केलं आणि पहिल्या लाटेत एकही लागण झाली नाही. त्या वर्षी गणपतीला चाकरमानी आले, गावोगाव शाळांमधून विलगीकरण चाललं होतं. त्यांना आम्ही गेटवरूनच परत पाठवलं. लोकांनी शिव्या घातल्या. तरीही मी तोच निर्णय पुन्हा घेईन.

दुसऱ्या लाटेत मात्र, एप्रिल २०२१ मध्ये, आमचे चारजण गेले. तेव्हाही गेट बंदच होतं, हे कबूल करतो. कुठून आला ते मला आजवर उमगलेलं नाही.

---

पांढरीसाडी

मी निवृत्त परिचारिका. जिल्हा रुग्णालयात बत्तीस वर्षं, त्यानंतर २०२० मध्ये बोलावलं म्हणून कोविड वॉर्डात पुन्हा. सुरंगी, तुझ्या आईच्या त्या पहिल्या चार दिवसांबद्दलच लिहिते, कारण सगळं तिथे आहे.

म्हातारपणी शरीर ताप काढायला कुचराई करतं. प्रतिकारशक्तीच थकलेली असते, आणि मुळात त्यांचं रोजचं तापमानही आपल्यापेक्षा कमी असतं. म्हणून वृद्धाश्रमातल्या माणसांसाठी तापाची व्याख्या वेगळी धरतात: तोंडात थर्मामीटर धरून एकदा १०० च्या वर, किंवा पुन्हा पुन्हा ९९ च्या वर, किंवा त्या माणसाच्या नेहमीच्या तापमानापेक्षा २ अंश फॅरनहाइट जास्त. ज्या आजीचं रोजचं ९६.५ असतं तिला ९८.५ म्हणजे ताप आहे! आता बंदूक तर कातडीचं तापमान मोजते, तेही पडवीतल्या वाऱ्यात. तिच्यावर विसंबून कुणाला "बरी आहे" म्हणणं चूकच.

दुसरं, म्हैस. त्याला आम्ही डिलिरियम म्हणतो, आजारपणात अचानक येणारा गोंधळ. वय झालं, भ्रम झाला, असं म्हणून घरचे आणि आश्रमवाले दोघेही सोडून देतात. अमेरिकेत २०२० मध्ये तातडीच्या विभागात आलेल्या पासष्टीपुढच्या ८१७ कोविड रुग्णांचा अभ्यास झाला. त्यातल्या २८ टक्के लोकांना आले तेव्हाच डिलिरियम होता, आणि अशांपैकी ३७ टक्के लोकांना ताप, दम असं नेहमीचं एकही लक्षण नव्हतं. काल स्वतः अंघोळ करणारी बाई आज कुठल्या तरी जुन्या गोठ्यात वावरतेय, तर ती आजारी आहे, एवढंच त्याचं भाषांतर. मग कारण कोविड असेल, लघवीचा संसर्ग असेल, नाहीतर रक्तातलं सोडियम उतरलं असेल. पण बोटाला ऑक्सिमीटर त्या दिवशी लागला पाहिजे, चौथ्या दिवशी नाही. त्यातून कोविडमध्ये ऑक्सिजन उतरला तरी माणसाला धाप लागेलच असं नसतं. ८२ वर असलेले आजोबा माझ्याशी देवगडच्या आंब्याच्या कलमांबद्दल बोलत होते, हे मी स्वतः पाहिलंय.

आणि खाजणवाट, तुम्ही विचारता कुठून आला. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या कर्कलंडच्या नर्सिंग होममध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये साथ शिरली. त्याच्याशी जोडलेले १६७ रुग्ण सापडले: १०१ तिथले रहिवासी, ५० कर्मचारी, १६ भेटीला आलेले. रहिवाशांपैकी एक तृतीयांश गेले. त्याच परिसरातल्या दुसऱ्या एका होममध्ये मग लक्षणं असोत-नसोत, सरसकट स्वॅब घेतले. ४८ जण पॉझिटिव्ह निघाले आणि त्यातल्या २७ जणांना त्या दिवशी काहीही होत नव्हतं. बहुतेकांना पुढच्या काही दिवसांत लक्षणं आली. म्हणजे लक्षण दिसेपर्यंत थांबायचं ठरवलं, की विषाणूला आठवडाभर मोकळं रान.

---

आंबेमोहर

पांढरीसाडी, हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्यासारखा आहे. माझे वडील ठाण्याला असेच गेले. "झोपेत आहेत, झोपू द्या" म्हणून दोन दिवस झोपू दिलं होतं.

---

कामवाट

मी मदतनीस होते. आश्रमाचं नाव लिहीत नाही. मोबाइलवर लिहितेय, चुकलं तर माफ करा.

सकाळी सात ते दुपारी दोन आश्रमात. तीन ते आठ एका घरी, तिथल्या आजोबांना बघायला. दोन्हीकडचे मिळून घर चालायचं. २०२० मध्ये नवऱ्याचं काम बंद झालं, मासेमारी थांबली होती, मग माझ्यावरच सगळं.

एक दिवस अंग दुखत होतं, नाकाला वास नव्हता. मला वाटलं पावसाने सर्दी झाली. सांगितलं असतं तर चौदा दिवस घरी बसवलं असतं, त्याचा पगार नव्हता. एक दिवस खाडा झाला तरी कापायचे. मी क्रोसिन घेतली आणि गेले. मास्क होता. पण ज्यांना भरवायचं, उचलून खुर्चीत बसवायचं, त्यांच्यापासून लांब कसं राहणार? आजी लोक तर मास्क ओढायच्या, तोंड दिसत नाही म्हणून रडायच्या.

नंतर सगळे म्हणाले, बायांनी आणला. बहुतेक मीच आणला असेल. त्यातल्या एक आजी मला "गो, तू इलंस?" म्हणायच्या, मी त्यांची लेक असल्यासारखं. त्या गेल्या. मी अजून त्यांच्या घरावरून जात नाही.

ताई, नखांचं वाचलं. आम्ही आठजणी होतो, त्यातल्या पाचजणी क्वारंटाइन झाल्या. तिघी उरल्या. तिघींत बावीस माणसांचं खाणं, औषध, लघवी, अंग पुसणं. नखांपर्यंत हात पोचत नव्हता.

---

सुरंगी (धागाकर्ती)

कामवाट, तुम्ही लिहिलंत म्हणून मी तुमची ऋणी आहे. तुम्ही नका हे एकटीने उचलू.

मी मसुदा परत काढून बघितला. सात पानं आहेत. भेटींवर दीड पान, सॅनिटायझरवर अर्धं पान. मावशींच्या रजेबद्दल एक ओळ नाही.

---

खारफुटी

मी सार्वजनिक आरोग्याच्या कामात आहे, मूळ गाव अलिबागजवळ. कामवाट यांनी जे सांगितलं ते अभ्यासांनी नंतर आकड्यांत मांडलं. इंग्लंडमध्ये पाच हजारांवर केअर होम्सची पाहणी झाली, तिचं नाव व्हिवाल्डी. आजारपणाच्या रजेचा पगार देणाऱ्या होम्समध्ये लागण कमी आढळली. एजन्सीकडून रोज वेगळी माणसं मागवणाऱ्या होम्समध्ये जास्त. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने २०२० च्या वसंतातच आदेश काढला की केअर होममधल्या कर्मचाऱ्याने एकाच ठिकाणी काम करायचं, आणि त्यासाठी पगाराची भरपाई सरकारने केली. नुसती बंदी घातली असती तर बायका उपाशी राहिल्या असत्या किंवा लपवून दुसरीकडे गेल्या असत्या.

आणि खोल्या. कॅनडाच्याच ओंटारिओ प्रांतातल्या सहाशेवर नर्सिंग होम्सचा अभ्यास आहे: जिथे एका खोलीत आणि एका संडास-बाथरूमवर जास्त माणसं, तिथे लागण आणि मृत्यू दोन्ही साधारण दुप्पट. आपल्याकडे तर आठ-दहा खाटांचा हॉल हाच नियम आहे. कॅनडात पहिल्या लाटेतले सुमारे ८० टक्के मृत्यू अशा दीर्घकालीन निवासांतले होते. तो देश श्रीमंत आहे, दवाखाने आहेत, तरी हे झालं.

भारतात वृद्धाश्रमांचा असा वेगळा हिशेबच ठेवला गेला नाही. सुरंगी यांच्या आईंसारखी माणसं तर कुठेच मोजली गेली नाहीत. धडधाकट म्हाताऱ्या माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवून केलेला २००७ चा एक प्रयोग आहे. दहा दिवसांत त्यांच्या पायांतले जवळजवळ एक किलो स्नायू गेले. इथे तर सोळा दिवस, वर आजार, वर तोंडात धड घास नाही, आणि परतल्यावर "चल गं आई, तुळशीपर्यंत जाऊ" म्हणणारं कुणी नाही.

---

खाजणवाट

खारफुटी, पटतंय. पण मग प्रश्न उरतोच. कर्मचाऱ्यांमुळे येतो म्हणून नातेवाइकांनाही सोडायचं का? दारं दोन आहेत, एक बंद करता येत नाही म्हणून दुसरं उघडं टाकायचं, हे काही मला पटत नाही. तीस नातेवाईक म्हणजे तीस घरं, तीस एसटी प्रवास.

---

खारफुटी

तीस नकोतच. प्रत्येक वृद्धामागे एक माणूस, नाव आधीच ठरवून नोंदवलेलं. तो माणूस पाहुणा धरायचाच नाही, कर्मचाऱ्यांच्याच यादीत धरायचा. तोच मास्क, तीच तपासणी, हात धुण्याचं तेच शिक्षण, आणि अंगात कसकस असेल तर तोही घरी. नेदरलँड्सने मे २०२० मध्ये हेच करून बघितलं: २६ नर्सिंग होम्समध्ये एका वेळी एक ठरलेला माणूस, नियम पाळून. त्या काळात नवी लागण नोंदली गेली नाही, आणि कर्मचाऱ्यांनी सांगितलं की माणसं सुधारली. तेव्हा लसही नव्हती.

बंदी चूक होती असं मी म्हणत नाही. मार्च २०२० मध्ये बंद करणं बरोबर होतं, कुणालाच काही माहीत नव्हतं. चूक आहे ती "पूर्णपणे" या शब्दात आणि तारीख न घालण्यात. किती दिवसांसाठी, कोण फेरविचार करणार, कधी करणार, हे कलमात नसेल तर ती बंदी दहा महिने चालते.

एक अजून. बाहेरून येणारा रुग्णही विसरू नका. इंग्लंडमध्ये मार्च-एप्रिल २०२० मध्ये इस्पितळं रिकामी करायला वृद्धांना चाचणी न करता केअर होम्समध्ये पाठवलं गेलं. २७ एप्रिल २०२२ ला तिथल्या उच्च न्यायालयाने ते धोरण बेकायदा ठरवलं, कारण लक्षणं नसलेल्या माणसाकडूनही लागण होऊ शकते हा धोका लक्षातच घेतला नव्हता. तुमच्या आश्रमात कोविड सेंटरमधून परतणाऱ्याला कुठे ठेवणार? स्वतंत्र खोली आहे का?

---

पागोळी

कुणी हवेबद्दल बोललंच नाही, म्हणून लिहिते. हे सगळे अभ्यास थंड देशांतले. आपल्याकडे उन्हाळ्यात प्रश्न नाही, दारं-खिडक्या सताड उघड्या. पण जून ते सप्टेंबर? पाऊस आडवा येतो, पश्चिमेच्या खिडक्यांना प्लास्टिक ठोकलेलं, पडवीला ताडपत्री, आत दोरीवर ओल्या चादरी, आणि त्या कोंदट हॉलमध्ये दहा खाटा. विषाणू श्वासातून हवेत तरंगतो, तेव्हा त्याला याहून सोयीचं काय?

माझ्या मामेसासऱ्यांच्या आश्रमात (वेंगुर्ल्याकडे) एका गवंड्याने सुचवलेला उपाय चांगला चालला. पूर्वेच्या, म्हणजे पावसाच्या आडोशाच्या बाजूच्या खिडक्या रात्रंदिवस उघड्या, पश्चिमेच्या भिंतीत छपराखाली दोन एक्झॉस्ट पंखे, वर पत्र्याची झाप. फार खर्च नाही आला. कपडे वाळवायला मागे स्वतंत्र पडवी काढली. आजोबांना खाटेवरून उचलून दिवसातून दोन तास खळ्यात बसवायचे, पाऊस नसेल तेव्हा. वीज गेली की पंखे बंद, हे खरंच. निसर्ग आणि मग मे २०२१ चं तौक्ते वादळ पाहिल्यावर इन्व्हर्टर हवाच, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर जनरेटर. सिलिंडर तरी भरून ठेवा.

---

आंबेमोहर

लसीचं कलम आहे का मसुद्यात? १ मार्च २०२१ ला साठीपुढच्यांना लस सुरू झाली तेव्हा आमच्या ओळखीच्या आश्रमात अंथरुणावरच्यांना केंद्रापर्यंत न्यायचं कसं हाच घोळ झाला. कुणाचं आधार कार्ड मुलाकडे पुण्याला, कुणाचा मोबाइल नंबर बंद. घराजवळच्या लसीकरण केंद्रांची सूचना मेअखेरीस आली, तोवर दुसरी लाट वरून गेली होती. इंग्लंडने केअर होममधल्या वृद्धांना आणि कर्मचाऱ्यांना यादीत अगदी वर ठेवलं होतं, आपल्याकडे आश्रम असा वेगळा गट धरलाच नाही. निदान कागदपत्रांच्या प्रती आश्रमात असाव्यात. आणि दरवर्षीची फ्लूची लस, न्यूमोकोकलची (न्यूमोनियाविरुद्धची) लस: या बहुतेकांना स्वखर्चाने घ्याव्या लागतात, पण डॉक्टरांना विचारून घ्याच.

---

पांढरीसाडी

सुरंगी, एक काम लगेच करता येईल, त्याला साथ यायची वाट बघू नका. प्रत्येकाच्या नावाची एक वही. त्यात आजारी नसतानाचा माणूस लिहायचा. रोजचं तापमान किती, ऑक्सिजन किती, सकाळी किती वाजता उठतात, चहा किती घेतात, भाकरी किती, कुठवर चालतात, कुणाला कोणत्या नावाने हाक मारतात. हे लिहिलेलं असेल तरच बदललेलं दिसतं. नवीन मावशी कामाला लागली तर तिला कसं कळणार की या आजी एरवी म्हशीबद्दल बोलत नाहीत?

यातलं निम्मं फक्त घरच्यांना माहीत असतं. म्हणूनही तो एक माणूस आत हवा.

---

कामवाट

वहीचं बरोबर आहे. पण लिहायला वेळ द्या. आणि आम्ही सांगितलं तर ऐका. मी दोनदा सांगितलं होतं त्या आजी जेवत नाहीत म्हणून. म्हणाले, वय आहे.

---

खाजणवाट

दोन दिवस विचार केला. काल जुनी हजेरीपटाची वही काढली. एप्रिल २०२१ मधल्या त्या दोन आठवड्यांत आमच्या एकाही मावशीची एकही रजा नाही. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. सगळ्या जिवावर उदार होऊन येतायत, असं मी सभेत बोललोही होतो. आता कामवाटताईंचं वाचून ती वही वेगळी दिसते.

सुरंगीताई, तुमच्या आश्रमासाठी हिशेब मांडून बघितला. आठ मदतनीस, प्रत्येकी वर्षाला दहा दिवस आजारपणाची पगारी रजा, दिवसाचे पाचशे धरले तर चाळीस हजार. बदली बाई घ्यावी लागली तर ऐंशी. आम्ही वार्षिक मेळाव्याच्या मांडवाला आणि जेवणाला साधारण तेवढेच खर्च करायचो. मी आता पदावर नाही, पण आमच्या मंडळींपुढे हे ठेवणार आहे.

"पूर्णपणे" शब्द काढायला माझी हरकत नाही. पहिले चौदा दिवस बंद, मग समितीने आणि डॉक्टरांनी बसून ठरवायचं, असं असेल तर मीही सही करीन.

---

सुरंगी (धागाकर्ती)

सगळ्यांचं वाचून मसुद्याला जोडपत्र लिहायला घेतलंय. ठरलेला एक माणूस, चौदा दिवसांनी फेरविचार आणि मरणाच्या दारातल्या माणसाला कधीच बंदी नाही, हे भेटींच्या कलमात. रजेचं कलम नवीन. पूर्वेच्या खिडक्या आणि पंखे यासाठी गवंड्याला शनिवारी बोलावलंय. स्वतंत्र खोली म्हणून सध्या फणसाखालची कोठी रिकामी करता येईल, तिला संडास जोडावा लागेल.

अध्यक्षांना फोनवर रजेचं सांगितलं तर म्हणाले, "मग सगळ्याच आजारी पडतील." मी त्यांना कामवाट यांचा प्रतिसाद पाठवला आहे, त्यांच्या परवानगीने. अजून उत्तर नाही.

पांढरीसाडी, वह्या आणल्या. बावीस. काल पहिली वही मावशींबरोबर बसून भरली, एका आजींची. त्या सकाळी दोन कप चहा घेतात, दुसरा बशीत ओतून. तापमान ९६.४. पडवीच्या तिसऱ्या खांबापर्यंत चालतात. मावशींना "बायो" म्हणतात, आणि मलाही तेच म्हणाल्या.

कामवाट, सभा २० तारखेला अकरा वाजता आहे. तुम्ही याल का? एसटीचं भाडं आणि त्या दिवसाचा रोज मी देईन. तुम्ही बोललात तर बरं होईल, पण नुसत्या माझ्या शेजारी बसलात तरी चालेल.

---

कामवाट

येते. सकाळच्या गाडीने.